गॉसफर्थचा क्रूस

आपल्या वाडीच्या वळणावर उभा असलेला क्रूस आपल्या इतक्या परिचयाचा असतो, की त्याच्याकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. जाता-येता कपाळी क्रुसाची खूण करावी, सणाला त्याला चुना द्यावा, फुलांची माळ घालावी, मे महिन्यात शेजारपाजाऱ्यांनी त्याच्यापाशी जमून जपमाळेची प्रार्थना करावी, एवढाच आपला त्याच्याशी व्यवहार. हा क्रूस कोणी उभारला, त्याच्या चौथऱ्यावर कोरलेल्या अक्षरांचा अर्थ काय, असे घरातल्या मुलाने विचारले तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? ह्या प्रश्नाने आम्हांला अनेकदा अस्वस्थ केले आहे. म्हणूनच आज वाचकांपुढे एका दूरदेशीच्या क्रुसाची हकीकत आम्ही ठेवीत आहोत. हजार वर्षांहून अधिक काळ तो एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात उभा आहे. त्यावरील चित्रांचा अर्थ कित्येक शतके कोणाला लागत नव्हता. आणि जेव्हा तो लागला, तेव्हा श्रद्धा व संस्कृती यांच्या नात्याविषयीचा एक मोठा धडा त्या दगडातून बाहेर आला.

आवारातला दगड

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात कम्ब्रिया नावाचा डोंगराळ परगणा आहे. त्याच्या पश्चिमेला आयरिश समुद्र आणि पूर्वेला सरोवरांचा व डोंगरांचा प्रदेश. या दोहोंच्या मध्ये, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, गॉसफर्थ हे लहानसे गाव वसलेले आहे. गावात पवित्र मारियेच्या नावाचे एक जुने चर्च आहे. आज ते अँग्लिकन ख्रिस्तसभेकडे आहे. पण आपण ज्या क्रुसाविषयी बोलत आहोत तो कोरला गेला, त्या काळी ख्रिस्तसभेत ही फूट पडायला अजून सहा शतके अवकाश होता. तेव्हा तो क्रूस जितका त्यांचा, तितकाच आपलाही आहे.

चर्चच्या आवारात थडग्यांच्या मधोमध हा क्रूस उभा आहे. तांबूस वालुकाश्माच्या एकाच अखंड शिळेतून तो घडवलेला असून त्याची उंची सुमारे ४.४ मीटर, म्हणजे साडेचौदा फूट आहे. इतकी उंची असूनही तो अतिशय सडपातळ आहे. खांबाचा खालचा भाग गोल आहे. वर जाता जाता तो चौकोनी होतो आणि त्याला चार सपाट बाजू येतात. गोल भागावर खवल्यांसारखी नक्षी आहे. ती पाहून झाडाच्या सालीची आठवण होते. अगदी वर, आयर्लंडमधील जुन्या क्रुसांप्रमाणे, चारही भुजांना जोडणारे दगडी कडे असलेले क्रुसाचे शीर्ष आहे. हा क्रूस दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोरला गेला असावा, असे अभ्यासक मानतात. त्यावर एकही अक्षर नाही. जे काही सांगायचे आहे ते चित्रांतून सांगितले आहे.

ही माणसे कोण होती?

हा क्रूस समजायचा तर तो कोरून घेणारी माणसे कोण होती, हे आधी पाहिले पाहिजे. कम्ब्रियाच्या भूमीला ख्रिस्ताचे नाव नवे नव्हते. रोमी अमदानीच्या अखेरीपासूनच त्या भागात ख्रिस्ती श्रद्धेची पाळेमुळे होती. पण इ. स. ७९३ मध्ये उत्तरेकडील समुद्रातून आलेल्या व्हायकिंग दर्यावर्द्यांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिंडिसफार्न बेटाच्या मठावर हल्ला केला, आणि त्यानंतर मठ लुटले जाणे, मठवासी मारले जाणे, ग्रंथ व पवित्र पात्रे पळवली जाणे हे नित्याचे झाले. अखेर ८७५ मध्ये त्या मठवासीयांनी संत कथबर्ट यांचा पार्थिव देह खांद्यावर घेऊन बेट सोडले.

पुढे लुटारूंचे रहिवासी झाले. ९०२ मध्ये आयर्लंडमधील डब्लिन शहरातून नॉर्स लोकांना हुसकावून लावण्यात आले, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण समुद्र ओलांडून इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर आले. तेथे त्यांनी शेती केली, मेंढ्या पाळल्या, घरे बांधली. आजही त्या परगण्यातील ओढ्यांची, दऱ्यांची, पाड्यांची नावे त्यांच्याच भाषेतील आहेत. ओडिन, थॉर, हेइमडाल हे त्यांचे देव. रात्री शेकोटीभोवती बसून म्हातारी माणसे सांगत त्या या देवांच्या कथा हे त्यांचे पुराण.

ह्या लोकांनी ख्रिस्ताचा स्वीकार कसा केला, याची कथा कोणा इतिहासकाराने लिहून ठेवलेली नाही. आपल्याकडे संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव घेता येते, तसे एखाद्या थोर मिशनऱ्याचे नाव त्या गावी घेता येत नाही. पण दोन पिढ्यांच्या आत, ज्यांच्या पूर्वजांनी मठ जाळले होते त्यांच्या वस्तीत एक उंच क्रूस उभा राहिला. त्या स्थित्यंतराची साक्ष देणारा दस्तऐवज म्हणजे हा दगडच होय.

चार बाजूंवरील चित्रे

आता जवळ जाऊन चित्रे पाहू. पूर्वेकडील बाजूच्या खालच्या भागात, एका चौकटीत, दोन्ही हात पसरून उभा असलेला प्रभू येशू आहे. त्याच्या मागे क्रूस कोरलेला नाही. हात पसरलेली त्याची आकृतीच क्रूस झाली आहे. चौकटीच्या खाली एका बाजूला भाला घेतलेला सैनिक आहे. प्रभूच्या कुशीत भाला खुपसणारा, परंपरेने ज्याला लाँगिनस म्हणतात तो हाच. त्याच्या समोर एक स्त्री उभी आहे. तिचा अंगरखा मागे लोळतो आहे, केसांची वेणी पाठीवर आहे आणि हातात शिंगासारखे एक पात्र आहे. सुगंधी तेलाची कुपी घेऊन आलेली ही मारिया माग्दालेना असावी, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. पण तिचा पेहराव गालीलातला नाही. तो नॉर्स स्त्रीचा आहे. त्यांच्या पायांखाली एकमेकांत गुंतलेले दोन सर्प आहेत.

एवढे पाहून आपण निश्चिंत होतो. हे आपल्या ओळखीचे आहे. पण नजर वर वळवली की आपण चकित होतो. त्याच पूर्वेच्या बाजूवर एक पुरुष एका अक्राळविक्राळ श्वापदाच्या जबड्यात पाय रोवून, हाताने त्याचा वरचा जबडा ताणून धरून उभा आहे. पश्चिमेकडील बाजूला खाली एक बांधलेला माणूस आहे. त्याच्या शेजारी एक स्त्री हाती वाडगे घेऊन बसली आहे. त्याच्या वरच्या भागात हाती काठी व शिंग घेतलेला एक पहारेकरी आ वासलेल्या दोन श्वापदांना अडवीत आहे. उत्तर व दक्षिण बाजूंवर घोडेस्वार, हरिण, लांडग्यासारखे प्राणी आणि सर्पांची गुंफण आहे. काही घोडेस्वार तर उलटे, डोके खाली करून कोरलेले आहेत. बायबलमधील कोणत्याही प्रसंगाशी या चित्रांचा मेळ बसत नाही. चारही बाजू मिळून निःसंशय ख्रिस्ती असा देखावा एकच: क्रुसावरील प्रभूचा.

मग बाकीचे काय?

दगड मुका झाला

हा प्रश्न गॉसफर्थच्या ग्रामस्थांनाही पडला असेल. पण त्याचे उत्तर देणारे कोणी उरले नव्हते. काळाच्या ओघात नॉर्स भाषा मागे पडली, तिच्याबरोबर कथा गेल्या, आणि कथा गेल्या तसा चित्रांचा अर्थ गेला. क्रूस उभा होता, पण मुका. ऊन-पावसाने त्याच्यावर दगडफूल चढले. समजत नाही त्याची किंमतही राहत नाही, हा जगाचा नियम. त्याच आवारात असाच आणखी एक क्रूस होता. १७८९ मध्ये त्याचा खांब कापून त्यावर सूर्यघड्याळ बसवण्यात आले. ज्यांनी कापला ते दुष्ट नव्हते. त्यांच्या लेखी तो एक जुना, निरर्थक दगड होता, इतकेच.

मुक्या दगडाला पुन्हा वाचा फुटली ती १८८० नंतरच्या दशकात. गॉसफर्थ येथे चार्ल्स अरुंडेल पार्कर नावाचे एक डॉक्टर राहत. त्यांना आणि त्याच परगण्यातील विल्यम स्लेटर कॅल्व्हर्ली नावाच्या एका धर्मोपदेशकाला जुन्या शिल्पांचा छंद होता. विद्यापीठाच्या प्राध्यापकाचा मान त्यांच्यापैकी कोणालाही नव्हता. एक रोगी पाहत होता, दुसरा आपला धर्मग्राम सांभाळत होता. पण त्यांनी त्या दगडावरच्या रेघा बारकाईने पाहिल्या आणि 'एड्डा' या नावाने प्रसिद्ध असलेल्या आइसलँडच्या प्राचीन ग्रंथांतील कथांशी ताडून पाहिल्या. तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या विद्वानाने नॉर्स देवांच्या कथा लेखनबद्ध केल्या होत्या. समुद्रापलीकडच्या त्या ग्रंथात गॉसफर्थच्या दगडाची किल्ली सापडली.

वाडगे धरलेली स्त्री म्हणजे सिगिन. तिचा नवरा लोकी हा कपटी. त्याच्या कारस्थानामुळे देवांचा लाडका बाल्डर मारला गेला, म्हणून देवांनी त्याला खडकाला बांधले आणि त्याच्या तोंडावर विष ठिबकत राहील असा सर्प वर टांगला. सिगिन ते विष वाडग्यात झेलते. वाडगे रिते करायला ती वळली की विषाचा थेंब लोकीवर पडतो, तो तडफडतो आणि धरणीकंप होतो. शिंग घेतलेला पहारेकरी म्हणजे हेइमडाल. जगाच्या अंताच्या वेळी तो शिंग फुंकून देवांना जागे करतो. आणि जबडा ताणून धरणारा वीर म्हणजे विडार. जगाच्या अंती फेन्रिर नावाचा लांडगा देवराज ओडिनला गिळतो, तेव्हा त्याचा पुत्र विडार त्या लांडग्याच्या खालच्या जबड्यावर पाय देऊन त्याचा जबडा फाडतो. अशा रीतीने जुने देव युद्धात पडतात, जग बुडते आणि मग समुद्रातून हिरवीगार नवी पृथ्वी वर येते.

कॅल्व्हर्ली यांना या क्रुसाने इतके भारून टाकले, की १८८७ मध्ये त्यांनी आपल्या अ‍ॅस्पॅट्रिया येथील चर्चच्या आवारात त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी करून घेतली. पुढे १८९६ व १८९७ मध्ये गॉसफर्थच्या चर्चचे नूतनीकरण चालू असताना जुन्या भिंतीच्या पायात घराच्या आकाराचे, वर छपरासारखी नक्षी असलेले थडग्यावरचे दोन दगड मिळाले. तेही याच लोकांचे. चर्चच्या आत जपून ठेवलेल्या आणखी एका शिळेवर थॉर हा देव बैलाचे मुंडके गळाला लावून समुद्रातील महासर्पाला धरायला निघाल्याचा देखावा आहे. म्हणजे एका शिल्पकाराची ती लहर नव्हती. त्या गावाची ती रीतच होती.

क्रुसावर लांडगा कशासाठी?

येथे एखादा भाविक वाचक विचारील: पवित्र क्रुसावर मूर्तिपूजकांच्या देवादिकांचे काय काम? हे अर्धवट परिवर्तन तर नव्हे? एक पाय जुन्या देवांकडे आणि दुसरा ख्रिस्ताकडे?

प्रश्न योग्य आहे. पण उत्तरासाठी पुन्हा दगडाकडेच पाहावे. शिल्पकाराने आपल्या पुराणातील वाटेल ती कथा उचललेली नाही. ओडिनचा दिमाख, देवांचा दरबार, त्यांच्या मेजवान्या यांपैकी येथे काही नाही. त्याने निवडल्या त्या देवांच्या अंताच्या कथा. बांधलेला कपटी, गिळायला आलेला लांडगा, अखेरचे युद्ध. आणि या सगळ्यांच्या जोडीला त्याने हात पसरलेला ख्रिस्त ठेवला. जणू तो आपल्या भाऊबंदांना सांगतो आहे: आपल्या आजोबांनी सांगितले होते ना, की हे देव एक दिवस पडतील आणि नवी पृथ्वी येईल? ती वेळ आली आहे. लोकीला बांधले होते, तसा सैतान बांधला गेला आहे. विडारने लांडग्याचा जबडा फाडला, तसा या प्रभूने मृत्यूचा जबडा फाडला आहे. सिगिन विषाचे वाडगे धरून बसली होती. ही पाहा दुसरी स्त्री, तिच्या हाती सुगंधी द्रव्य आहे. आणि या सर्व चित्रांच्या वर, त्यांना आपल्या भुजांखाली घेऊन, क्रूस उभा आहे.

याला अर्धवट श्रद्धा म्हणायला आमचे मन धजावत नाही. तो माणूस रिकाम्या हातांनी प्रभूकडे आला नाही. आपल्या आईकडून जे ऐकले होते ते सारे घेऊन आला, आणि ते त्याने क्रुसाच्या पायथ्याशी ठेवले.

ख्रिस्तसभेला ही वाट अपरिचित नव्हती. इ. स. ६०१ मध्ये परमगुरू संत ग्रेगरी यांनी इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या मठाधिपतीला एक पत्र पाठवले. संत बीड यांच्या इतिहासग्रंथात ते जतन झाले आहे. त्यातील उपदेशाचा आशय असा, की लोकांच्या मूर्ती काढाव्यात, पण त्यांची मंदिरे पाडू नयेत. ती पवित्र जलाने शुद्ध करून तेथे वेदी उभारावी, म्हणजे लोक आपल्या ओळखीच्या जागी येऊन खऱ्या देवाला भजतील. माणूस उंचीवर पायरी-पायरीने चढतो, एका उडीत नव्हे, हे त्या थोर परमगुरूंना ठाऊक होते. गॉसफर्थचा क्रूस ही तशीच एक पायरी होय.

इंग्लंडहून आलेला आमचा पुराणकार

हे सारे वाचताना मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनात एक नाव उभे राहिल्यावाचून राहणार नाही. ज्या इंग्लंडमध्ये हा क्रूस आहे, त्याच इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. येशूसंघात प्रवेश करून ते १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. साष्टीतील नवख्रिस्ती त्यांना म्हणत, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? त्या मागणीतून 'ख्रिस्तपुराण' जन्मले. १६१६ मध्ये ते राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि छंद तोच, जो ज्ञानेश्वर-एकनाथांमुळे या भूमीच्या कानात बसला होता. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायला फादर स्टीफन्स कचरले नाहीत.

दोहोंत फरकही आहे, तो विसरता कामा नये. गॉसफर्थच्या शिल्पकाराने कथाच उचलल्या; फादर स्टीफन्स यांनी कथा बायबलच्या ठेवल्या, भाषा, छंद आणि उपमा मात्र येथल्या मातीच्या घेतल्या. तो घरचाच माणूस होता, हे परदेशातून आलेले होते. पण दोघांचा विश्वास एकच: ज्या वाणीने आपली आई आपल्याशी बोलली, तिला ख्रिस्ताचे नाव उच्चारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

हा विश्वास सर्वांना पटला असे नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांना तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला सांगितले. पुढे विसाव्या शतकात, मूळचे गोव्याचे आणि पुण्यात राहून चित्रे काढणारे आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पवित्र मारियेला साडी नेसवली, तेव्हा त्यांना स्वकीयांचीच टीका सोसावी लागली. हजार वर्षांपूर्वी माग्दालेनेला नॉर्स वेणी घालणाऱ्या शिल्पकाराला कोणी काय म्हटले असेल, ते त्यालाच ठाऊक! दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने (१९६२–१९६५) लोकभाषेला उपासनेत स्थान दिले आणि आपल्या वेदीवर मराठी आली, ती या साऱ्यानंतर.

आपल्यापुढचा प्रश्न

श्रद्धेचे सांस्कृतिकरण म्हटले, की आपल्याकडे वाद होतो तो दिवा लावावा की मेणबत्ती, आरती असावी की नसावी यावर. ते वाद आम्ही क्षुल्लक मानीत नाही. क्रुसाखाली काय ठेवावे आणि काय ठेवू नये याचा विवेक गॉसफर्थच्या शिल्पकारालाही करावा लागलाच होता. पण त्याचा क्रूस आम्हांला याहून निकडीची एक गोष्ट सांगतो. त्या दगडाला धोका झाला तो परक्यांकडून नव्हे, मूर्तिभंजकांकडूनही नव्हे. त्याची भाषा त्याच्याच गावाने विसरली, म्हणून तो मुका झाला. आणि मुका झाला म्हणून त्याचा सोबती सूर्यघड्याळापायी कापला गेला.

'ख्रिस्तपुराणा'चे तरी काय झाले? सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले, १९५६ मध्ये पुण्यातून शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती निघाली. ग्रंथ वाचला, पण आपल्या किती घरांत आज त्याची एक ओवी तरी म्हटली जाते? आजीच्या तोंडची लग्नगीते, दुखवट्याच्या घरी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थना, उपवासकाळातील गाणी, बोलीतले दाखले, हे सारे तिच्याबरोबर शवपेटीत बंद होत असेल, तर पुढच्या पिढीला आपले क्रूस दिसतील, ऐकू मात्र येणार नाहीत. मग रस्ता रुंद करताना एखादा आड आला तर त्याची हळहळ तरी कोणाला वाटणार?

म्हणून आमची वाचकांना विनंती साधीच आहे. आपल्या वाडीतल्या क्रुसापाशी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जावे. त्यावरची अक्षरे पुसट झाली असतील तर ती उतरून घ्यावीत. चुन्याच्या थरांखाली गेली असतील तर वडीलधाऱ्यांना विचारावे. कोणत्या साथीत, कोणत्या नवसाने, कोणाच्या हातून तो उभा राहिला, हे ज्यांना आठवते ती माणसे अजून आहेत. त्यांचे बोलणे वहीत लिहून ठेवावे. गॉसफर्थला एक डॉक्टर आणि एक धर्मोपदेशक पुरले. त्यांच्या हाताशी किल्ली होती, कारण दूर आइसलँडमध्ये कोणीतरी आपल्या आजोबांच्या कथा वेळेवर लिहून ठेवल्या होत्या. आपल्या कथा लिहून ठेवायला मात्र दुसऱ्या कोणत्या देशातून कोणी येणार नाही.